कोरड्या हाताचे आकडे

मंगळवार, जानेवारीचा दुसरा आठवडा, सकाळी सव्वादहा. जागा: वसईजवळचं वटार, आमच्या घराची ओटी. हजर: सासूबाई, वय पंचाहत्तर, मधुमेह सोळा वर्षं, इन्सुलिन तीन वर्षं. माझा नवरा, अर्ध्या दिवसाच्या रजेवर, फोन धरायला. शेजारच्या ख्रिस्ती मावशी. त्यांना बोलावलं नव्हतं, पण मोसमात त्या रोजच आमच्याकडे केळी सोलायला येतात. मी. आणि साडेदहाला मुंबईहून पडद्यावर येणाऱ्या डॉक्टर.

वहीत त्या दिवसाच्या पानावर हे असंच लिहिलेलं आहे. वसई पूर्वेला एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. आलेला माल, गेलेला माल, शिल्लक. ज्याची नोंद नाही ते झालंच नाही, असं तिथे नव्याने लागणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते. आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, इन्सुलिन सुरू झालं तेव्हा घरीही तशीच वही केली. तारीख, वेळ, साखर, डोस, काय खाल्लं, शेरा. दर महिन्याला मुंबईला जायचं तर आईंचा अख्खा दिवस मोडायचा आणि पाय सुजायचे, म्हणून दोन वर्षांपूर्वी तपासणी व्हिडिओवर घ्यायचं ठरलं. मग तर वहीला फारच महत्त्व आलं. डॉक्टरांना आईंची नाडी बघता येत नव्हती. त्यांच्यासमोर होते ते माझे आकडे. आदल्या संध्याकाळी मी पानांचे फोटो काढून पाठवायची. एकदा त्या म्हणाल्या होत्या, ‘‘इतकी नीट वही माझ्या एकाही पेशंटची नाही.’’ हे मी चार लोकांना सांगितलं होतं.

त्या मंगळवारी प्रश्न एकच होता, डोस परत वाढणार का. दिवाळीपर्यंत आईंची सकाळची साखर एकशे वीस, एकशे तीस अशी असायची. नोव्हेंबरच्या शेवटी ती दोनशेवर गेली आणि खाली यायचं नाव घेईना. डॉक्टरांनी सकाळचं इन्सुलिन चौदावरून अठरावर नेलं, मग बावीसवर. तरी आकडे दोनशे तीस, दोनशे साठ. मागच्या वेळी त्या म्हणाल्या, ‘‘आता फरक पडला नाही तर आजींना चार दिवस दाखल करून घ्यावं लागेल.’’ आईंनी पडद्याकडे न बघता विचारलं, ‘‘आनि चार दिवस मांडव कोन बघनार?’’

मांडव म्हणजे सुकेळ्यांचा. पाऊस जाऊन हवा कोरडी झाली की आमच्या आळीत पूर्वी घरोघर सुकेळी व्हायची. राजेळी केळी पूर्ण पिकवायची, सोलायची, बांबूच्या मांडवावर पेंढा पसरून उन्हात मांडायची. सकाळी उलटायची, संध्याकाळी टोपल्यांत भरून आत घ्यायची. काही दिवसांनी केळं आक्रसतं, मधाच्या रंगाचं होतं. मग ते हाताने दाबून, केळीच्या सुक्या पानात गुंडाळून सोपटाने, म्हणजे केळीच्याच सालीच्या दोरीने, बांधायचं. आता आळीत एकच मांडव उरला आहे, आमचा, म्हणजे आईंचा. मला त्यांनी त्या कामाला कधी लावलं नाही. मी तुळिंजची, इमारतीत वाढलेली, आणि घरकामात माझे हात सदा ओले. ‘‘ओल्या हाताची बाई मांडवाला नको,’’ हा त्यांचा नियम. पाण्याचा थेंब लागला की सुकेळं बुरसतं, म्हणून मांडवाचं काम संपेपर्यंत त्या पाण्याला शिवत नाहीत. हात चिकट झाला की खांद्यावरच्या कोरड्या फडक्याला पुसायचा आणि पुढचं केळं घ्यायचं.

घरात मधुमेह आणि अंगणात टोपल्याच्या टोपल्या उन्हात गोड होत पडलेल्या. साखर वाढली तीही नेमकी मोसम सुरू झाल्यावर. स्टोअरमध्ये घट निघाली की पहिल्यांदा बघायचं असतं, माल कोणाच्या हाताखाली आहे. मी तेच केलं.

‘‘आई, तुम्ही सुकेळं खाता का?’’

‘‘नाय.’’

‘‘एखादं? चव बघायला?’’

‘‘साठ वर्षं करते गो. चव बघून करायचे दिवस कधीच गेले.’’

मी संध्याकाळी टोपल्यांतली केळी मोजायला लागले. सकाळी मांडली तितकीच संध्याकाळी परत यायची. एकदाही कमी भरली नाहीत. कारखान्यात मोजणी बरोबर आली असती तर मी तिथेच थांबले असते. घरी मी असं धरलं की तुटकी, चेपलेली केळी मोजणीत येत नाहीत, तीच पोटात जात असणार. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहायला लागले: ‘गोड खाल्ल्याचा संशय.’ त्याचेही फोटो डॉक्टरांना जात होते.

मग तो रविवार आला. मंगळवारच्या नऊ दिवस आधीचा. मी घरी होते. अकराच्या सुमाराला आई मांडवाजवळून उठल्या आणि पायरीवर येऊन बसल्या. कपाळावर घाम. जानेवारीत, सावलीत. हात थरथरत होता.

‘‘चहा कर गो. साखर घाल त्यात.’’

‘‘आधी मशीन आणते,’’ मी म्हटलं. हे पण माझ्या यादीत होतं: घाम आला, थरथर झाली तर आधी तपासणे. बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीला लावला. एकशे सत्त्याऐंशी.

‘‘आई, एकशे सत्त्याऐंशी आहे. साखर कमी झालेली नाही. उन्हाने झालं असेल. बिनसाखरेचा करते.’’

‘‘मला कळतं माझ्या अंगात काय होतंय ते. साखर दे.’’

‘‘नाही देणार,’’ मी म्हटलं.

त्या भिंतीला डोकं टेकून बसल्या. ओठ पांढरे पडले होते. मी आत जाऊन चहा केला, चार-पाच मिनिटं लागली असतील. बाहेर आले तर मावशी आईंजवळ उकिडव्या बसल्या होत्या आणि आई काहीतरी चावत होत्या. मावशींच्या मुठीत अर्धं सुकेळं होतं.

‘‘सापडलं शेवटी,’’ मी म्हटलं. मावशींच्या देखत म्हटलं.

मावशी उभ्या राहिल्या. त्यांनाही साखर आहे. त्यांची गोळीवर भागते. ‘‘अगो, ही पडली असती. चर्चची बेल होऊन गेली, अजून तू चहाच करतेस.’’

‘‘मावशी, मशीन एकशे सत्त्याऐंशी दाखवतंय.’’

‘‘तुझ्या मशीनला घाम येत नाय,’’ त्या म्हणाल्या.

पंधरा मिनिटांत आई ठीक झाल्या. यावरून माझं मत आणखी पक्कं झालं: गोडाची तलफ, मिळालं की बरं. त्याच संध्याकाळी मी बांधून झालेली सुकेळी, साखरेचा डबा, गूळ, सगळं माजघरातल्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये. नवरा म्हणाला, ‘‘अगं, कुलूप जरा जास्त होतंय.’’ मी म्हटलं, ‘‘मग डॉक्टरांना तू सांग, साखर का उतरत नाही ते.’’ आई कपाटाकडे बघून एवढंच म्हणाल्या, ‘‘या घरात कुलूप मी आल्यापासून पयल्यांदा बघते.’’

त्यानंतरचे नऊ दिवस, सुकेळी घ्यायला दुपारी गिऱ्हाईक आलं की परत जायचं. किल्ली वसई पूर्वेला, माझ्याबरोबर. मी संध्याकाळी आले की आई तयार माल हातात घेऊन कपाटापाशी उभ्या असायच्या. मी कुलूप उघडायचं, त्यांनी ठेवायचं, मी लावायचं. अकराच्या सुमाराला त्यांना घाम येतच होता, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगायचं बंद केलं होतं. मावशींनी पोलक्यात साखरेची पुडी ठेवायला सुरुवात केली होती, हेही माहीत नव्हतं.

तर मंगळवार. साडेदहाला फोन वाजला. नवऱ्याने तो उचलला आणि नेहमीप्रमाणे पहिल्यांदा डॉक्टरांना आमचा पंखा दाखवला.

‘‘नमस्कार आजी. कशा आहात?’’

‘‘बसलेय,’’ आई म्हणाल्या. मी त्यांना मांडवावरून बोलावून आणलं होतं. साडी बदलायला सांगितली होती, त्यांनी बदलली नव्हती.

मी वही उघडून सुरुवात केली. ‘‘मॅडम, गेल्या चौदा दिवसांत सकाळची साखर एकदाही दोनशेच्या खाली नाही. कपाटाला कुलूप लावूनसुद्धा. माझ्या मते...’’

‘‘एक मिनिट थांबा,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘गेल्या बुधवारी लॅबचा माणूस घरी आला होता ना? किती वाजता?’’

‘‘सातला. आई कामाला लागायच्या आधी.’’

‘‘त्याचा रिपोर्ट काल माझ्याकडे आला. उपाशीपोटी एकशे चार. त्याच दिवशी आठ वाजता तुमच्या वहीत दोनशे छत्तीस आहे. आणि तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी तर तुमच्या वहीपेक्षा कितीतरी चांगली आहे. मधल्या तासाभरात आजींनी काय खाल्लं?’’

‘‘काही नाही. इन्सुलिन घेऊन मग नाश्ता. मी समोर असते.’’ हे मी स्वतःच म्हणाले, आणि म्हणताना माझंच मला ऐकू आलं की हिशोब जुळत नाही.

‘‘मशीन बिघडलं असेल,’’ नवरा म्हणाला.

‘‘असेल. मला बघू दे. रोज साखर जिथे तपासता तिथे फोन घेऊन चला. आजी, रोज करता तसंच करा. माझ्यासाठी वेगळं काही नको.’’

आम्ही मिरवणूक काढल्यासारखे अंगणात गेलो. पुढे नवरा फोन धरून, मागे आई, मग मी मशीनचा डबा घेऊन, शेवटी मावशी. आई मांडवाजवळच्या बाकावर बसल्या. सवयीने त्यांनी हात पुढे करून कडेची दोन-तीन केळी उलटली, खांद्यावरच्या फडक्याला बोटं पुसली आणि डावा हात माझ्यापुढे धरला. मी सुई टोचली. थेंब आला. पट्टी लावली.

‘‘दोनशे अठ्ठेचाळीस,’’ मी वाचलं. मला वाटलं, झालं, माझंच खरं.

‘‘हात धुतले नाहीत,’’ डॉक्टर म्हणाल्या.

‘‘पुसले ना. मांडवाच्या कामात पाणी चालत नाही, मॅडम.’’

‘‘ते काय सुकतंय?’’

‘‘केळी.’’

डॉक्टर भराभर बोलायला लागल्या. ‘‘ऐका. आजींचे हात आत्ताच्या आत्ता साबणाने धुवा, कोमट पाण्याने, दोन्ही हात. कोरडे करा. दुसऱ्या हाताचं बोट घ्या. नवी पट्टी. आजी, घाम येतोय का?’’

‘‘या टायमाला रोजच येतो,’’ आई म्हणाल्या.

मी बघितलं. कपाळ ओलं होतं. मी आईंना आणायला गेले होते, साडीवरून त्यांच्याशी बोलले होते, चौदा दिवसांचे आकडे वाचले होते. कपाळ बघितलं नव्हतं.

मावशींनी तांब्यातलं पाणी ओतलं, मी साबण लावला. आईंच्या बोटांच्या पेरांत, नखांच्या कडेला तो गोड चिकटा घट्ट बसला होता, दोनदा चोळावा लागला. माझ्या हातांना पहिल्यांदाच कळलं की हे हात दिवसभर कसे असतात. पुसले. टोचलं. मशीन पाच सेकंद मोजतं. पाच, चार, तीन.

अठ्ठावन्न.

मी आकडा मोठ्याने वाचला नाही. फोन धरलेल्या नवऱ्याने वाचला.

‘‘साखर द्या,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘तीन चमचे, पाण्यात विरघळवून. लगेच.’’

साखर कपाटात होती. कपाटाला कुलूप होतं. किल्ली पर्समध्ये, पर्स आतल्या खोलीत खुंटीला. मी धावले. पर्समध्ये किल्ली सोडून सगळं हाताला लागत होतं: तिकीट, पेन, कारखान्याच्या गोदामाच्या चार किल्ल्या. बाहेरून नवऱ्याचा आवाज, ‘‘अगं लवकर!’’ किल्ली सापडली. माझे हात ओले, कुलूप जुनं, किल्ली उलटी बसली. मी ती काढून परत घातली. नऊ दिवस रोज संध्याकाळी तेच कुलूप एका झटक्यात उघडत होते.

डबा घेऊन बाहेर आले तेव्हा मावशी तांब्या ढवळत होत्या. पोलक्यातली पुडी बाकावर उघडी पडली होती.

‘‘ये ये,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुझी साखर चहाला होईल.’’

आई घोट घोट पीत होत्या. तांब्या मावशींनी धरला होता, कारण आईंच्या हातात तो राहत नव्हता. नवऱ्याने फोन त्यांच्या तोंडासमोर धरला होता. डॉक्टर बोलत राहिल्या. आजी, माझ्याकडे बघा. आजी, आज वार कोणता? किती केळी घातलीत मांडवावर?

‘‘ती हिला विचारा,’’ आई म्हणाल्या. ‘‘ती मोजते.’’

पंधरा मिनिटं कोणी फोन ठेवला नाही. डॉक्टरांच्या पुढच्या पेशंटची वेळ होऊन गेली होती. त्यांनी तिकडे कोणाला तरी थांबायला सांगितलं. परत हात धुऊन, परत टोचून, परत पाच सेकंद. ब्याण्णव. तेव्हा कुठे नवऱ्याने फोन दुसऱ्या हातात घेतला.

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. फळाचा रस बोटाला लागलेला असेल तर रक्ताच्या थेंबात तो मिसळतो आणि मशीन त्याची साखर मोजतं. आईंच्या अंगात साखर वाढलीच नव्हती. आम्ही मोजत होतो ती केळ्यांची. त्या आकड्यांवर इन्सुलिन वाढलं आणि खरी साखर रोज अकराला खाली जात होती. रविवारी एकशे सत्त्याऐंशी दिसलं तेव्हा आत कदाचित पन्नासच असेल. डोस त्याच दिवसापासून परत चौदा, आणि दर दोन दिवसांनी त्यांना कळवायचं. दाखल व्हायची गरज नाही.

‘‘पहिल्याच वेळी मी हात बघायला हवे होते,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘वही इतकी नीट होती की मी पुढे काही विचारलंच नाही. आजी, गोड खात नाही असं तुम्ही सांगत होतात. खरं होतं ते.’’

‘‘मी सांगतच होते,’’ आई म्हणाल्या. ‘‘पन तोंडाला कोन विचारतं? बोटाला विचारतात.’’

मावशींनी फडक्याने बाक पुसायला घेतलं.

वहीचं पहिलं पान मी त्याच दुपारी काढून बघितलं. माझ्याच अक्षरातली पहिली पायरी: ‘हात स्वच्छ.’ तीन वर्षं त्यापुढे बरोबरची खूण आहे. मांडवावर हात स्वच्छ म्हणजे कोरडा, हे आईंना साठ वर्षं ठाऊक होतं आणि मला एका ओळीत लिहून ठेवता आलं नव्हतं. वेळही मीच या दिवाळीनंतर साडेसहावरून आठवर नेलेली, कारण कारखान्यात माझी वेळ बदलली आणि मी उशिरा निघायला लागले. टोपल्या बाहेर पडतात सातला. तपासणी पूर्वीसारखी साडेसहालाच ठेवली असती तर यातलं काहीच झालं नसतं.

मग मी कामाला लागले. नवीन पान: साबण, पाणी, कोरडा पंचा, मग सुई. तपासणी साडेसहाला, टोपल्यांना हात लागायच्या आधी. घाम आला, थरथर झाली तर आधी साखर, मोजणं नंतर. साखरेच्या पुड्या तीन: मांडवाजवळ, ओटीवर, मावशींकडे. मावशी म्हणाल्या, ‘‘माझी आहेच, तू दोनच कर.’’ जुन्या पानांवरचा ‘गोड खाल्ल्याचा संशय’ हा शेरा मी एकेक करून खोडला. सतरा ठिकाणी होता. खोडलेल्या पानांचे फोटो डॉक्टरांना पाठवले. साखरेचा डबा स्वयंपाकघरात परत गेला. एका आठवड्यात सकाळचे आकडे एकशे दहा, एकशे अठ्ठावीस, एकशे सोळा. अकराचा घाम थांबला. आता रोज अकराला मी कारखान्यातून फोन करते. आई उचलतात, ‘‘बरी हाय,’’ म्हणतात आणि ठेवतात.

यादीत शेवटची ओळ होती: ‘कपाटाची किल्ली आईंना देणे.’ ती मी मंगळवारीच संध्याकाळी पुढे केली. आई सोपटाने सुकेळी बांधत होत्या. वर न बघता म्हणाल्या, ‘‘राहू दे तुझ्याकडंच. माझे हात कोरडे हायत, तुझी किल्ली ओल्या हाताची.’’

दुसऱ्या दिवशी मी कुलूप उघडंच ठेवलं, किल्ली कपाटाशेजारच्या खिळ्याला लावली आणि वहीत बरोबरची खूण केली. संध्याकाळी परत आले तर कुलूप लावलेलं होतं. किल्ली खिळ्यालाच. दिवसभरात बांधलेली सुकेळी बाहेर बाकावर, फडक्याखाली झाकलेली. मावशींनी सांगितलं की दुपारी दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. आईंनी त्यांना सांगितलं, ‘‘सून आली की या. चावी तिची असते.’’

मी वही काढली आणि त्या ओळीपुढची खूण खोडली.

याला आता पाच आठवडे झाले. रोज संध्याकाळी आई माल हातात घेऊन कपाटापाशी उभ्या असतात. मी कुलूप उघडते, त्या ठेवतात. बोलायचं काय ते मला ठाऊक आहे. ते त्यांच्या हातात किल्ली ठेवताना बोलायला हवं, मावशी समोर असताना, कारण ‘सापडलं शेवटी’ हे मी मावशींच्या देखत म्हटलं होतं. दर सोमवारी नवीन यादी करते तेव्हा किल्लीची ती ओळ मागच्या पानावरून पुढच्या पानावर उतरवते. या आठवड्याच्या यादीत नऊ कामं आहेत. आठांपुढे खूण झाली आहे.